पिसवा किती आणि उंदीर कसा : मुंबईच्या एका चाळीचं प्रकरण, 1903

एप्रिल 1903. मुंबईतली एक चाळ. महिन्याच्या सुरुवातीला तिथे उंदीर मरून पडायला लागले, तेही एकदोन नव्हे, ढिगाने. मग ते पडायचे अचानक थांबले. त्यानंतर खोल्यांमध्ये पिसवांचा असा सुळसुळाट झाला की माणसं अंथरुणं उचलून व्हरांड्यात झोपायला आली. त्यांच्यापैकी एकाला लवकरच प्लेग झाला आणि लगतच्या खोलीतही एक रुग्ण निघाला.

इंडियन मेडिकल सर्व्हिसचे डॉक्टर विल्यम ग्लेन लिस्टन तेव्हा मुंबईत प्लेगवर काम करत होते. त्यांनी या रहिवाशांच्या अंगावरच्या पिसवा मिळवल्या. 30 पिसवांपैकी 14 उंदराच्या निघाल्या. हा आकडा किती विचित्र आहे हे दुसऱ्या आकड्याशेजारी ठेवल्यावर कळतं: एरवी माणसांच्या अंगावरून गोळा केलेल्या 246 पिसवांत उंदराची पिसू फक्त एक होती. त्याच सुमारास मुंबईच्या प्राणिसंग्रहालयात गिनीपिग प्लेगने मेले आणि त्यांच्या अंगावरही उंदराच्याच पिसवा सापडल्या. पुढे लिस्टन यांनी प्लेगच्या घरांत गिनीपिग सोडून त्यांचा जिवंत सापळ्यासारखा उपयोग केला. भुकेली पिसू कोणत्याही उबदार अंगावर चढते, मग ती अंगावरून टिपायची.

हे प्रकरण पिसू आणि प्लेगच्या साखळीचा पुरावा म्हणून नेहमी सांगितलं जातं. शहरी उंदरांवर काम करणाऱ्याने ते आणखी एका कारणासाठी वाचावं. उंदराच्या अंगावरच्या किड्यांची मोजणी एकटी वाचली की फसवते, हे यात स्वच्छ दिसतं. तिच्या जोडीला दोन गोष्टी लागतात: उंदीर किती उरलेत, आणि जे उरलेत किंवा मेलेत त्यांची अंगकाठी कशी आहे.

चाळीत नेमकं काय घडलं

घरातला काळा उंदीर छपराच्या वाशांत, कौलांखाली, भिंतींच्या पोकळीत राहतो. त्याच्या अंगावरची मुख्य पिसू म्हणजे झेनोप्सायला चिओपिस. कीटकतज्ज्ञ चार्ल्स रॉथशिल्ड यांनी 1903 सालीच सुदानमधल्या शेंडी या गावच्या नमुन्यांवरून तिचं वर्णन केलं. प्रौढ पिसू दीड ते अडीच मिलिमीटरची असते. ती रक्तासाठी उंदरावर असते, पण अंडी केसांना चिकटवत नाही. ती सुटी पडतात, घरट्यातल्या धुळीत फुटतात, अळ्या तिथल्या कचऱ्यावर आणि प्रौढ पिसवांच्या रक्ताळलेल्या विष्ठेवर वाढतात. उबदार, दमट हवेत अंड्यापासून प्रौढ व्हायला साधारण तीनचार आठवडे. म्हणजे उंदराच्या अंगावर दिसते ती पिसवांच्या संसाराची एक बाजू. बाकीचा संसार बिळात आणि वाशांवर असतो, आणि उंदीर मेला तरी तो चालूच राहतो.

आता साधं गणित. समजा एका इमारतीत 100 उंदीर आहेत आणि सरासरी 4 पिसवा प्रत्येकावर, म्हणजे 400 पिसवा. साथीत 70 उंदीर मेले. गार पडलेलं अंग पिसू सोडते. त्या 400 पिसवांना आता 30 उंदीर उरले: प्रत्येकाच्या वाट्याला 13 च्या वर. आणखी 20 मेले तर उरलेल्या दहांच्या वाट्याला 40, आणि इतक्या पिसवा एका उंदराच्या अंगावर क्वचितच टिकतात, कारण तो चावतो, खाजवतो, झटकतो. उरतात त्या जमिनीवर, आणि जमिनीवरून माणसावर. चाळीतले लोक व्हरांड्यात आले तेव्हा इमारतीतल्या पिसवा वाढल्या होत्या असं म्हणायची गरज नाही. यजमान कमी झाले, एवढं पुरेसं होतं.

म्हणून साथीच्या चढत्या टप्प्यात पिंजऱ्यात सापडलेल्या उंदरांचा पिसू निर्देशांक, म्हणजे दर उंदरामागे सरासरी किती पिसवा, वाढलेला दिसतो. वाचणारा समजतो की पिसवांची पैदास वाढली, आणि औषध मागवतो. औषध लागतंच, पण तो आकडा सांगत असतो की उंदीर मरताहेत. पिंजऱ्यात सापडण्याचं प्रमाण घसरतंय आणि प्रत्येक उंदरामागच्या पिसवा वाढताहेत, असं दोन्ही एकत्र दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

मेलेला उंदीर गुबगुबीत का असतो

अंगकाठीचा मुद्दा इथे येतो. प्लेग उंदराला काही दिवसांत मारतो. तेवढ्यात पोटातली चरबी उतरत नाही, पाठीचा कणा वर येत नाही. त्यामुळे प्लेगने पडलेला उंदीर बहुतेक वेळा धडधाकट, खाल्लापिल्ला दिसतो. कातडी सोलल्यावर खरी खूण मिळते: मानेशी किंवा जांघेत सुजलेली गाठ, कातडीखाली रक्ताळलेपण, बारीक ठिपक्यांचं पिवळसर यकृत, मोठी झालेली प्लीहा आणि छातीच्या पोकळीत पाणी. मुंबईत तपासलेल्या उंदरांत गाठ सगळ्यात जास्त वेळा मानेत आढळली. पिसू जिथे चावते तिथल्या लसीकाग्रंथीत ही गाठ येते, आणि मान ही अशी जागा आहे की तिथे उंदराचे दात पोचत नाहीत, फक्त मागचा पाय पोचतो.

उलट, हाडं दिसणारा, केस विस्कटलेला, उवांनी भरलेला उंदीर सापडला तर तो आठवड्यांची, महिन्यांची गोष्ट सांगतो: म्हातारपण, वाकडे वाढलेले दात, तुटलेला पाय, जुना आजार, किंवा वसाहतीत मार खाऊन कोपऱ्यात ढकललेलं जिणं. अंगकाठी हे इथलं घड्याळ आहे. ज्याने मारलं ते झटपट होतं की संथ, हे त्यावरून कळतं.

‘रोगट उंदरावर किडे जास्त, धष्टपुष्ट उंदरावर कमी’ हा समज अर्धाच खरा आहे, आणि अर्धा कोणता ते किड्यावर अवलंबून असतं. उवा आख्खा जन्म अंगावर काढतात, लिखासुद्धा केसाच्या बुडाशी चिकटवतात. त्यांना आवरते ती एकच गोष्ट, उंदराचं स्वतःला चाटणं-चोखणं. प्रयोगशाळेत पांढऱ्या छोट्या उंदरांना अंग साफ करता येऊ नये अशी व्यवस्था केली की त्यांच्यावरच्या उवा भराभर वाढतात, हे जुनं, पक्कं निरीक्षण आहे. म्हणून उवांचा ढीग म्हणजे ‘हा प्राणी अंग साफ करू शकत नाही’ अशी खूण. आधी तो खंगला, मग उवा वाढल्या. क्रम उलटा लावू नये. लहान पिल्लं मात्र याला अपवाद. तिथे उवांच्या रक्तशोषणाने खरोखरच रक्तक्षय होऊ शकतो.

पिसूचं तसं नाही. ती घरट्याशी बांधलेली. धष्टपुष्ट, मोठ्या नराकडे चांगली बिळं असतात, तो जास्त फिरतो, जास्त भांडतो, जास्त बिळांत शिरतो. त्याच्यावर पिसवा भरपूर असल्या तरी त्याच्या वजनात त्याचा पत्ताही लागत नाही. दहाबारा पिसवांनी अडीचशे ग्रॅमच्या उंदराचं काही बिघडत नाही. बिघडतं ते त्याच्या शेजारी झोपणाऱ्या माणसाचं.

आज अशी चाळ समोर आली तर

पहिली अट: उंदीर जिवंत पकडायचा. खटक्याचा सापळा मान मोडतो, पहाटेपर्यंत अंग गार होतं, आणि सकाळी पिशवीत उंदीर येतो पण पिसवा कोपऱ्यात गेलेल्या असतात. मुंबई महापालिकेचे रात्रपाळीचे मूषकसंहारक विजेरी आणि काठी घेऊन फिरतात, रात्रीला 30 उंदरांचं लक्ष्य असतं. ते उंदीर वजनासाठी, लिंगभेदासाठी, प्रयोगशाळेतल्या तपासणीसाठी उपयोगी पडतात. पण एकाच पोत्यात पडलेल्या उंदरांवरून पिसू निर्देशांक काढणं म्हणजे निव्वळ कागदाची भर. चिकट फळ्यांचंही तेच. गोंदात केस, किडे आणि कातडी सगळं एक होतं, शिवाय प्राणी तासन् तास तडफडतो.

तारेचे एका उंदराचे पिंजरे बरे. अनेक उंदीर मावणारा ‘वंडर ट्रॅप’ जास्त पकडतो, पण रात्रभर एकत्र कोंडलेले उंदीर आपापल्या पिसवा वाटून घेतात. मग सरासरी काढता येते, कोणावर किती ते नाही. आमिष म्हणून शिळी भजी, तेल लावलेला चपातीचा तुकडा, सुका बोंबील. धान्याच्या गोदामात धान्य ठेवून उपयोग नसतो, तिथे त्याला त्याचं अप्रूप नाही. तिथे बोंबील किंवा टोमॅटो-काकडीसारखं पाणीदार काहीतरी चालतं. संध्याकाळी पिंजरे लावायचे, उजाडता उजाडता उचलायचे. ऊन लागलं की उंदीर घामाघूम न होता सरळ मरतो आणि पिसवा पसार होतात.

पिंजरा उचलायच्या आधीच पांढऱ्या जाड कापडाच्या पिशवीत सरकवायचा, तोंड दोनदा पिळून बांधायचं, पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी आत टाकायची: इमारत, मजला, खोली की गटार की छप्पर, तारीख. एका पिशवीत एकच पिंजरा. पिशवी पांढरीच हवी, कारण पुढे तिच्या शिवणीत लपलेल्या पिसवा मोजायच्या असतात आणि त्या त्याच उंदराच्या खात्यात धरायच्या असतात. पिशवी झटकायला विसरलेल्या नोंदी हमखास कमी भरतात.

काम करणाऱ्याने पूर्ण बाह्या, हातमोजे, पायमोज्यांत खोचलेली विजार, कीटकरोधक मलम आणि एन-95 मुखपट्टी घालूनच बसायचं. उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरा हा जिवाणू येतो, तो चिरलेल्या कातडीतून शिरतो. पिसवांची भीती सगळ्यांना असते, मूत्राची फार कमी जणांना.

बेशुद्धीसाठी आयसोफ्लुरेन. कापसाचा बोळा भोकं पाडलेल्या डबीत ठेवून ती डबी मोठ्या झाकणाच्या बरणीत ठेवायची, म्हणजे द्रव उंदराच्या कातडीला लागत नाही. पिशवीतला उंदीर पिशवीसकट आत. उंदराबरोबर पिसवाही गुंगतात, पण त्या लवकर सावध होतात, त्यामुळे पुढची तयारी आधीच मांडलेली हवी. हे काम प्राणी-वैद्यकाच्या देखरेखीखाली आणि रीतसर परवानगीनेच करायचं.

फणी, परात आणि पाच मिनिटं

पांढरी इनॅमलची परात, तळाला बोटभर पाणी आणि त्यात साबणाच्या पाण्याचा एक थेंब. नुसत्या पाण्यावर पिसू तरंगते आणि काठावर चढते. साबणाने पाण्याचा ताण मोडतो आणि ती बुडते. पण त्याच पिसवांतून पुढे जिवाणू वाढवायचे असतील तर साबण नको. मग त्या कोरड्या परातीतून चिमट्याने टिपून 2 टक्के मिठाच्या द्रावणात, ट्वीन-80 चा लेश घालून ठेवतात. नुसत्या ओळखीसाठी 70 टक्के अल्कोहोल, डीएनएसाठी 95 टक्के.

उंदीर परातीवर आडवा धरायचा आणि लिखा काढायच्या बारीक दातांच्या फणीने केसांच्या उलट दिशेने विंचरायचं: आधी शेपटीच्या मुळापासून पाठ, मग दोन्ही बाजू, पोट, जांघा, काखा, आणि सगळ्यात शेवटी पण सगळ्यात जास्त वेळ मान आणि कानामागची जागा. प्रत्येक उंदराला सारखाच वेळ, घड्याळ लावून पाच मिनिटं. मोठ्या उंदराला हात जड आणि पिल्लाला हलका पडला की ‘मोठ्यांवर जास्त किडे’ हा निष्कर्ष फणीनेच तयार केलेला असतो.

विजेरीने कानाच्या आत पाहायचं. नारिंगी ठिपक्यांचा पुंजका दिसला तर ते चिगर, म्हणजे माइटची (कोळ्याच्या कुळातल्या बारीक जिवाची) अळी. स्क्रब टायफस पसरवणारे माइट याच गटातले. कानाच्या कडेला, नाकावर, शेपटीवर मस्सासारखी खडबडीत वाढ असेल तर खरजेचा माइट, नोटोएड्रिस. केसांत फिरणारे लालसर-तपकिरी, नुसत्या डोळ्यांना दिसणारे माइट लीलॅप्स जातीचे असतात. रक्त पिऊन काळपट लाल झालेला ऑर्निथोनिसस बॅकोटी हा माइट मात्र बहुतांशी घरट्यात राहतो. तो अंगावर कमी सापडला म्हणजे इमारतीत कमी आहे असं नाही. उंदीर संपवल्यावर आठवड्याभराने रहिवासी कमरेभोवती आणि बाह्यांखाली खाज सुटल्याची तक्रार करतात, तेव्हा ढेकूण शोधण्याआधी हा शोधावा.

उवा आणि माइट फणीने अर्धेमुर्धेच निघतात. उंदीर मारावाच लागणार असेल तर पिशवीसकट उणे 20 अंशांवर गोठवायचा. नंतर ते अंग झाकणाच्या बरणीत साबणाच्या पाण्यात घालून जोरात हलवायचं आणि ते पाणी 100 नंबरच्या चाळणीतून गाळायचं. सुमारे 150 मायक्रॉनची भोकं, त्यात उवा, पिसवा आणि प्रौढ माइट अडकतात.

सूक्ष्मदर्शकाखाली पिसू ओळखताना पहिला प्रश्न कंगव्याचा. गालावर आणि मानेवर दोन्हीकडे काळ्या दातांची रांग असेल तर कुत्र्या-मांजराची पिसू. फक्त मानेवर असेल तर नोसोप्सायलस, ही उंदराचीच दुसरी पिसू. दोन्हीकडे नसेल तर झेनोप्सायला किंवा माणसाची पिसू, प्युलेक्स; त्यांतला फरक धडाच्या मधल्या भागावरच्या उभ्या जाड रेषेवरून कळतो, ती झेनोप्सायलात असते. शिवाय डोळ्याजवळचा केस झेनोप्सायलात डोळ्यासमोर, प्युलेक्समध्ये डोळ्याखाली. चाळीतल्या 30 पिसवांतल्या 14 वेगळ्या काढायला याच जातीची बारकाई लागते. चिओपिस आणि तिची बहीण ॲस्टिया वेगळ्या करायला मात्र 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये पिसू पारदर्शक करून नर-मादीचे जननावयव पाहावे लागतात. हा कंटाळा परवडतो: मद्रास आणि कोलंबोत ॲस्टिया जास्त आणि प्लेग कमी, मुंबईत चिओपिस जास्त आणि प्लेग जास्त, हा संबंध कोलंबोतल्या डॉक्टर हर्स्ट यांच्या कामातून पुढे आला. दख्खनच्या पठारावर तिसरी बहीण, ब्राझिलिएन्सिस, आढळते.

निर्देशांक काढताना बिनपिसवांचे उंदीरही भागाकारात धरायचे. समजा 20 उंदीर, त्यांतल्या 8 वर एकही नाही, बाकी 12 वर मिळून 60. निर्देशांक 3, पाच नव्हे. आणि ‘पिसवा असलेले उंदीर’ 60 टक्के. दोन्ही आकडे लिहायचे, कारण त्या साठांतल्या चाळीस दोनच उंदरांवर असू शकतात. किडे यजमानांवर सारखे वाटलेले कधीच नसतात. चिओपिसचा निर्देशांक 1 च्या वर गेला तर प्लेगच्या दृष्टीने धोक्याची पातळी मानतात. ही पातळी चिओपिसची आहे, सगळ्या पिसवांची गोळाबेरीज नव्हे.

वजनाची फसवणूक

पिशवीसकट स्प्रिंगच्या काट्यावर वजन, मग रिकाम्या पिशवीचं वजा. लांबी नाकाच्या टोकापासून गुदापर्यंत, उंदीर पाठीवर ठेवून, न ताणता. इथे हात घसरला की सगळं घसरतं. वजन लांबीच्या साधारण घनाप्रमाणे वाढतं, त्यामुळे 18 सेंटिमीटरच्या उंदरात 1 सेंटिमीटरची चूक म्हणजे अपेक्षित वजनात 17-18 टक्क्यांची चूक. एक बऱ्यापैकी उंदीर नुसत्या पट्टीने ‘खंगलेला’ ठरवता येतो. सगळी मापं एकाच माणसाने घेतलेली बरी.

गाभण मादी वेगळी. शेवटच्या दिवसांत एक पिल्लू 4-5 ग्रॅमचं, सातआठ असली की 30-40 ग्रॅम आईच्या खात्यात जमा होतात. विच्छेदन होणार असेल तर गर्भाशय काढून वजन घ्यायचं, नसेल तर तिला अंगकाठीच्या हिशेबातून बाहेर ठेवायचं. नर-मादींचे हिशेब वेगळे, आणि जातींचे तर वेगळेच. काळा घरउंदीर, गटारातला तपकिरी उंदीर आणि घूस यांना एका आलेखावर घातलं की प्रत्येक घरउंदीर उपाशी दिसतो.

काट्यापेक्षा बोटं अनेकदा खरं सांगतात. प्रयोगशाळेतल्या उंदरांसाठी 1 ते 5 अशी अंगकाठीची श्रेणी वापरतात, ती रानटी उंदरालाही चालते: अंगठा आणि तर्जनी पाठीच्या कण्यावरून आणि कमरेच्या हाडांवरून फिरवायची. मणके करवतीसारखे लागले तर 1, सहज मोजता आले तर 2, हलक्या दाबाने जाणवले तर 3, दाबावं लागलं तर 4, सापडलेच नाहीत तर 5. विच्छेदनात मूत्रपिंडाभोवतीची आणि जननग्रंथींजवळची चरबी वजन केली की हातच्या श्रेणीची पडताळणी होते.

जखमा नोंदवताना जागा लिहायची. पार्श्वभागावर आणि शेपटीच्या मुळाशी चावे म्हणजे पळताना खाल्लेले, डोकं-खांद्यावरचे म्हणजे समोरासमोर लढलेले. पळपुट्या उंदराची श्रेणी 2 असणं आणि त्याच्यावर उवा जास्त असणं, या दोन्हींमागे तीच दादागिरी असू शकते.

परळचे प्रयोग आणि चाळीचं उत्तर

चाळीच्या प्रकरणातली साखळी पक्की झाली ती 1905 नंतर, परळच्या प्रयोगशाळेत बसलेल्या प्लेग संशोधन आयोगाच्या कामात (हीच पुढे हाफकिन संस्था झाली). त्यांनी देशी घरांसारख्या छोट्या खोल्या बांधल्या, दोन साध्या कौलांच्या, दोन मंगलोरी कौलांच्या, दोन पत्र्याच्या. छपराखाली जाळी होती, तिच्यातून उंदीर खाली येत नव्हता, पिसू येत होती. पिसवा असल्या की खालच्या गिनीपिगांत प्लेग पसरत होता. पिसवा नसल्या तर आजारी आणि धडधाकट एकत्र राहूनही काही होत नव्हतं. जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातले गिनीपिग आजारी पडले, दोन फुटांवरचे वाचले, कारण पिसूची उंच उडी तिथवर जात नाही. सहा इंच रुंद चिकट पट्ट्याआड ठेवलेले प्राणीही वाचले.

आयोगाने मुंबईच्या साथीचा क्रमही लावून दिला: आधी गटारातला तपकिरी उंदीर, त्यानंतर साधारण दहा दिवसांनी घरातला काळा उंदीर, आणि आणखी दहा-चौदा दिवसांनी माणसं. हा मधला अवधी म्हणजे पिसवांची उपासमार, माणसातला रोगाचा छुपा काळ आणि आजारपण यांची बेरीज. चाळीत उंदीर पडायचे थांबले तेव्हा लोकांनी बहुधा सुटकेचा श्वास टाकला असेल. घड्याळ मात्र तिथूनच सुरू झालं होतं. 1994 च्या ऑगस्टमध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावातही उंदीर पडल्याच्या आणि पिसवा वाढल्याच्या तक्रारी आधी आल्या, गाठीचे रुग्ण नंतर.

उलट बाजूही ध्यानात ठेवावी. न्यूयॉर्कमध्ये 133 तपकिरी उंदरांवरून सुमारे साडेसहा हजार बाह्य परजीवी गोळा झाले, 2015 मध्ये ते प्रसिद्ध झालं. पाच जाती, त्यांत 500 हून जास्त चिओपिस. प्लेगचा जिवाणू सापडला नाही, बार्टोनेला हा दुसरा जिवाणू सापडला. पिसू असणं आणि प्लेग असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पण पिसू आहे तिथे दुसरं काहीतरी सहसा असतंच.

उपायाचा क्रम यातून आपोआप ठरतो. आधी पिसू, मग उंदीर. बिळात आणि उंदरांच्या वाटांवर कीटकनाशक भुकटी, उदाहरणार्थ 0.5 टक्के परमेथ्रिन, बिळामागे साधारण 30 ग्रॅम फुंकणीने आत. वाटेवर उंदराच्या अंगाला लागेल असा पट्टा. तो त्यातून जातो, अंगावर भुकटी घेऊन घरट्यात जातो आणि औषध स्वतःच पोचवतो. वापरण्यापूर्वी त्या भागातल्या पिसवा त्या औषधाला दाद देतात का ते तपासायचं. डीडीटीला दाद न देणारी चिओपिस भारतात जुनी आहे. आठवड्याभरात पुन्हा पिंजरे लावून निर्देशांक काढायचा, आणि तो खाली आला तरच विषारी आमिष ठेवायचं. प्लेगचा संशय असताना झिंक फॉस्फाइड हे झटपट मारणारं विष पहिल्याच रात्री टाकलं तर सगळे उंदीर एकदम मरतात आणि सगळ्या पिसवा एकदम सुटतात: 1903 ची चाळ आपण हाताने तयार करतो. ब्रोमाडिओलोनच्या 0.005 टक्के वड्यांनी उंदीर चार ते सात दिवसांत टप्प्याटप्प्याने जातात, पण त्याआधीही भुकटी लागतेच.

उंदीर मेलेलाच सापडला तर हाताने, झाडूने किंवा पेपरात धरून उचलू नये. त्यावर आणि भोवती हातभर जागेत कीटकनाशक फवारायचं, अर्धा तास थांबायचं, लांब चिमट्याने जाड प्लास्टिकच्या पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत, मग बर्फाच्या डब्यात. चिठ्ठीवर खोली आणि वेळ यांच्या जोडीला तीन शब्द: गुबगुबीत, मध्यम की हाडं दिसणारा. एका मजल्यावर लागोपाठ तीनचार गुबगुबीत आले आणि कोणी विष टाकलेलं नसेल, तर पिशव्या त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचायला हव्यात.